नदीतला स्मॉलमाउथ बास आणि ट्राउट : नवशिक्याने सामान कुठून निवडायला लागायचं

हे दोन मासे पकडायला निघालेल्या नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रॉड (मासे पकडायची काठी) कुठला घेऊ. माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी नदी बघायची, पाणी किती थंड आहे, किती खोल आहे, किती जोरात वाहतंय ते बघायचं, त्यावरून ल्युअर (खोटं आमिष) किती वजनाचं लागणार ते ठरतं, वजनावरून लाइन (गळाची दोरी) ठरते आणि लाइन ठरली की रॉड नि रील (लाइन गुंडाळायची चक्री) निवडायला फार वेळ लागत नाही. लोक नेमकं उलटं करतात, दणकट रॉड घेतात, त्यावर जाड लाइन भरतात आणि मग दोन ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं ल्युअर, फेकायला बघतात, तो जातच नाही, पुढ्यातच पडतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला फेकता येत नाही. फेकता येतं हो, सामानाचा एकमेकांशी मेळ बसलेला नसतो एवढंच.

खाली लिहिलंय ते स्पिनिंग रॉडने (रील दांड्याखाली लटकतं तो प्रकार), काठावरून किंवा पाण्यात उतरून मासे पकडणाऱ्यांसाठी आहे. फ्लाय फिशिंगबद्दल (पिसांचं हलकं आमिष जड लाइनने फेकायची पद्धत) दोनच ओळी येतील, तो स्वतंत्र विषय आहे. उदाहरणं उत्तर अमेरिकेतल्या नद्यांची घेतलीत कारण स्मॉलमाउथ मुळात तिथलाच मासा.

पहिली पायरी : थर्मामीटर

खरेदीच्या यादीत सगळ्यात वर थर्मामीटर लिहा. दोरी बांधून पाण्यात सोडायचा, एक-दोन मिनिटं ठेवायचा आणि वाचायचा. ट्राउटला थंड आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं, साधारण १० ते १६ अंश सेल्सियसमध्ये तो जोरात खातो, १८ च्या वर गेलं की त्याला जड जायला लागतं आणि २० अंशाला, म्हणजे ६८ फॅरेनहाइटला, ट्राउटची मासेमारी बंद करायची. हा आकडा पाठच करा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासा झटापटीत दमलेला असतो, तुम्ही सोडल्यावर तो पोहत गेला असं दिसतं आणि थोड्या वेळाने खाली कुठेतरी मरतो.

स्मॉलमाउथला ऊबच आवडते. पाणी १० च्या खाली असलं की तो खोल संथ डोहात पडून राहतो, १५ च्या आसपास हालचाल वाढते, आणि १८ ते २५ मध्ये तो जे भांडतो त्याला तोड नाही. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी वरचं पाणी तापलं तर ट्राउटला सोडून त्याच नदीत खालच्या अंगाला बाससाठी जाता येतं.

एकाच नदीत दोन्ही मासे कसे, तर डेलावेअर नदी बघा. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तिच्या पश्चिम फाट्यावर कॅनन्सव्हिल आणि पूर्व फाट्यावर पेपॅक्टन असे दोन जलाशय आहेत, धरणाच्या तळातून थंड पाणी सुटतं म्हणून खालच्या पट्ट्यात उत्तम ट्राउट आहेत, दोन्ही फाटे हॅनकॉकला मिळतात आणि तिथून जसजसं खाली जाल तसं पाणी कोमट होत जातं आणि बासचं राज्य सुरू होतं. आर्कन्सॉमधली व्हाइट रिव्हर तर याहून बोलकी. ती मुळात स्मॉलमाउथची नदी, लोक लांबून तिथे बाससाठी होड्या घेऊन यायचे, १९५१ मध्ये बुल शोल्स धरण पूर्ण झालं, तळाचं गार पाणी सुटायला लागलं, बासला ते मानवेना, मग तिथे ट्राउट सोडले आणि आज ती ब्राउन ट्राउटसाठी नावाजलेली आहे. नदी तीच, खडक तेच, तापमान बदललं आणि मासा बदलला. म्हणून म्हणतो थर्मामीटर आधी.

(जाता जाता, पोटोमॅक नदीतला स्मॉलमाउथही तिथला मूळचा नाही, १८५४ मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून ओहायो नदीच्या खोऱ्यातून आणून सोडलेला आहे. आणि अमेरिकेतला ब्राउन ट्राउट जर्मनीहून १८८३ मध्ये आलेल्या अंड्यांपासूनचा. मला हा इतिहास फार आवडतो म्हणून सांगितलं.)

दुसरी पायरी : पाणी वाचायचं

पोचल्या पोचल्या लाइन टाकू नका. दहा मिनिटं नुसतं बघा, शक्य असेल तर थोड्या उंचावरून, आणि डोळ्यावर पोलराइज्ड चष्मा हवाच. तपकिरी किंवा तांबूस काचेचा घ्या, नदीसाठी तो चांगला, पाण्यावरची चमक मरते आणि तळाचे खडक दिसायला लागतात. हा चष्मा चैनीचा नाही, तो पाण्यात पाय कुठे ठेवायचा तेही दाखवतो.

वाहत्या पाण्यातल्या माशाचं गणित साधं आहे. अन्न वेगवान पाण्यातून येतं आणि वेगवान पाण्यात उभं राहायला ताकद खर्च होते, म्हणून मासा संथ पाण्यात उभा राहतो आणि शेजारून जाणाऱ्या धारेवर नजर ठेवतो. धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती रेघ शोधायची. पाण्यावरचा फेस, पानं, काड्या जिथून ओळीने जातायत तिथेच माशाचं खाणंही जातंय असं समजा. मोठ्या खडकाच्या मागे संथ जागा असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण खडकाच्या पुढच्या बाजूलाही, जिथे पाणी आपटून मागे दबतं तिथे, एक छोटी उशी तयार होते आणि चांगला मासा बऱ्याचदा तिथे असतो, नवीन लोक ती जागा सोडून देतात.

ट्राउट कुठे बघायचा : खळाळ संपून खोल पाणी सुरू होतं तो उतार, काठाखाली पोखरलेल्या जागा, पाण्यावर ओणवलेल्या झाडांची सावली, आणि उन्हाळ्यात थंड ओढा येऊन मिळतो ते तोंड (तिथे उष्म्यात गोळा झालेल्या माशांना मात्र त्रास देऊ नका, ते जगण्यासाठी तिथे आलेले असतात). स्मॉलमाउथ कुठे : खडकांच्या आडव्या पायऱ्या, मोठमोठे धोंडे पडलेला तळ, भोवऱ्यांच्या कडा, पडलेलं झाड, आणि पहाटे-संध्याकाळी डोह संपून पाणी पुन्हा उथळ होतं ते डोहाचं शेपूट, तिथे तो छोटे मासे कोंडून खातो. नुसत्या वाळूचा किंवा गाळाचा सपाट तळ असेल तर बाससाठी वेळ घालवू नका, त्याला दगड लागतो कारण दगडात क्रेफिश (झिंग्यासारखे, नांग्या असलेले प्राणी) असतात आणि क्रेफिश हे त्याचं आवडतं खाणं.

मासा प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो म्हणून तुम्ही शक्यतो खालून वर जा. ट्राउटच्या बाबतीत तर हे पाळाच, तुमची सावली पाण्यावर पडली, दगडावर पाय आपटला की खेळ संपला.

तिसरी पायरी : ल्युअरचं वजन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दुकानात रंगांवर लोक जीव टाकतात, पण नदीत रंगापेक्षा वजन महत्त्वाचं आहे, कारण ल्युअर माशाच्या उंचीला पोचलं नाही तर रंग बघणार कोण.

ढोबळ हिशोब असा. गुडघाभर पाणी, मध्यम वेग, १/१६ औंस, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. कमरेपर्यंत पाणी, १/८ औंस, साडेतीन ग्रॅम. त्याहून खोल किंवा जोराची धार, ३/१६ ते १/४ औंस, म्हणजे पाच ते सात ग्रॅम. ३/८ औंस मोठ्या, फुगलेल्या नदीसाठी ठेवा, एरवी ते खडकात अडकायलाच जातं. बरोबर आहे का ते तळ सांगतो. जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) टाकल्यावर प्रवाहाबरोबर येताना ती मधूनमधून तळाला टक करून लागली पाहिजे. सारखी घासतेय, दर फेकीला अडकतेय, तर जड आहे, एक पायरी हलकी बांधा. एकदाही टक जाणवत नाही, तर हलकी आहे किंवा तुमची लाइन जाड आहे. लाइन जाड असली की प्रवाह तिला ओढतो आणि तिच्यामागे ल्युअर वर उचललं जातं, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि तो वजन वाढवत बसतो.

डबीत काय असावं. फार काही नको.

इनलाइन स्पिनर दोन्ही माशांसाठी. तारेवर फिरणारी पाती, मेप्स, पँथर मार्टिन, रूस्टर टेल असली नावं कुठेही मिळतात. मेप्स अग्लियाचा ० नंबर १/१२ औंसाचा आणि १ नंबर १/८ औंसाचा, हे ट्राउटला, २ आणि ३ नंबर बासला. पात्याचा रंग स्वच्छ पाण्यात आणि उन्हात चंदेरी, ढगाळ किंवा चहासारख्या पाण्यात सोनेरी किंवा तांब्याचा, एवढं पुरे. स्पिनर लाइनला पीळ घालतो म्हणून पुढे एक लहानसा चांगल्या प्रतीचा स्विव्हल (फिरती कडी) लावा, पण तो ल्युअरला चिकटून न लावता हातभर मागे.

नेड रिग बाससाठी, आणि खरं सांगायचं तर नवशिक्याने एकच बासचं ल्युअर घ्यायचं असेल तर हे. मशरूमच्या टोपीसारखं शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्यावर अडीच-पावणेतीन इंचाचा जाडसर प्लास्टिकचा तुकडा. झी-मॅन कंपनीचं जे प्लास्टिक आहे ते तरंगतं, त्यामुळे डोकं तळाला आणि शेपूट वर उभं राहतं, क्रेफिश नांग्या वर करून उभा राहतो तसं. हे प्लास्टिक दुसऱ्या मऊ प्लास्टिकबरोबर एका डबीत ठेवू नका, दोन्ही वितळून चिकट लगदा होतो, त्याच्याच मूळ पाकिटात राहू द्या. डोकी १/१५ आणि १/१० औंसाची घ्या, थोडी १/६ ची.

ट्यूब, म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, साडेतीन इंचाच्या आत, हिरवट तपकिरी रंगात, आत जिगचं डोकं सरकवून. ही तळावर वेड्यावाकड्या उड्या घेत पडते आणि मोठा बास हिला फार भुलतो, पण ही अडकतेही जास्त, तेवढी तयारी ठेवा.

तरंगता लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा. फिनलंडच्या लौरी रापालाने १९३६ मध्ये पहिला बनवला तो प्रकार, अजून तसाच चालतो. दोन इंची ट्राउटला, तीन-साडेतीन इंची बासला.

बाससाठी एक पाण्यावरचं ल्युअर, पॉपर (ओढल्यावर पाणी उडवून आवाज करणारं) किंवा मागे पंखा फिरणारं. ट्राउटसाठी १/८ औंसाचा एखादा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं ल्युअर), लांब फेकायला आणि खोल जायला. बस झालं. रंगात गडद हिरवट-तपकिरी, पांढरट-चंदेरी आणि गढूळ पाण्यासाठी काळा, हे तीन असले की डबी भरली म्हणा.

गळांबद्दल : तीन टोकांचे ट्रेबल गळ काढून एकेरी गळ लावा आणि टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सुटतो अशी भीती असते, लाइन ताणलेली ठेवली तर सहसा सुटत नाही, आणि तुमच्या स्वतःच्या बोटात गेला तरी निघतो हा मोठाच फायदा.

चौथी पायरी : लाइन

तीन प्रकार. मोनो (नायलॉनचा एकच धागा) स्वस्त, ताणली जाते, गाठ सोपी, चुका पोटात घालते. फ्लुरोकार्बन बुडते, पाण्यात कमी दिसते, दगडावर घासली तरी टिकते, पण जाड घेतली तर लहान रीलवर स्प्रिंगसारखी उसळते. ब्रेड म्हणजे विणलेली, अजिबात ताणत नाही आणि फार बारीक, दहा पाउंडाची (म्हणजे तेवढा ताण झेलणारी) ब्रेड साधारण दोन ते चार पाउंडांच्या मोनोइतकीच जाड असते, म्हणून हलकं ल्युअर लांब जातं आणि प्रवाह तिला कमी ओढतो.

फक्त ट्राउट, लहान नदी : ४ पाउंडांची मोनो, सरळ ल्युअरला बांधा, विषय संपला. दोन्ही मासे : १० पाउंडांची ब्रेड आणि पुढे चार-पाच फूट ६ पाउंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे मुख्य लाइनच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा. फक्त बास, खडकाळ नदी : तीच ब्रेड किंवा १५ पाउंडांची, लीडर ८ पाउंडांचा. हा लीडर दर थोड्या वेळाने बोटांत धरून चाचपायचा, खरखरीत लागला की तेवढा तुकडा कापून परत बांधायचा. आळस करू नका इथे, मोठा मासा तुटतो तो बहुतेक वेळा खरखरीत झालेल्या त्या शेवटच्या वीतभरातच.

गाठी दोनच शिका. ल्युअरला पालोमार : लाइन दुहेरी करून ल्युअरच्या कडीतून ओवा, साधी गाठ मारा, पुढच्या फासातून अख्खं ल्युअर काढा, थुंकीने ओली करा, हळू आवळा. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर गुंडाळून घट्ट करायची, ब्रेडचे वेढे जास्त घ्या कारण ती गुळगुळीत असते आणि सटकते. घरी टीव्हीसमोर बसून इतक्या वेळा बांधा की थंडीत गारठलेल्या बोटांनीही बांधता येईल. ओली न करता आवळलेली गाठ घर्षणाने गरम होते आणि तिथेच कमजोर होते.

पाचवी पायरी : आता रॉड आणि रील

एवढं ठरलं की हे सोपं. रॉडच्या दांड्यावर लिहिलेलं असतं किती औंसाचं ल्युअर आणि किती पाउंडांची लाइन, ते वाचा आणि तुमच्या डबीशी जुळवा. बाकी जाहिरातीतलं काही वाचायची गरज नाही.

दोन्हीसाठी एकच हवा असेल तर साडेसहा ते सात फुटांचा मीडियम-लाइट (मध्यमपेक्षा थोडा हलका), टोकाकडेच वाकणाऱ्या फास्ट अॅक्शनचा, १/१६ किंवा १/८ पासून ३/८ औंसापर्यंत लिहिलेला, आणि त्यावर २००० किंवा २५०० नंबरचं रील. बहुतेकांनी इथेच थांबावं. फक्त लहान ओढ्यातले ट्राउट असतील तर साडेपाच-सहा फुटांचा अल्ट्रालाइट आणि १००० नंबरचं रील, झाडीत लांब रॉड फिरवता येत नाही. मोठ्या नदीतला बास असेल तर सात फुटांचा मीडियम. फ्लायवाल्यांसाठी ते दोन शब्द, ट्राउटला नऊ फुटी ५ वेट (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर), बासला ६ किंवा ७ वेट, आणि काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर (पिसांचं एक आमिष) दोघांनाही चालतो.

रीलमध्ये बघायचं एकच, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन हळूहळू सोडणारा ब्रेक) गुळगुळीत सुटतो का. लाइन हाताने ओढून बघा, झटके देत सुटत असेल तर ते रील ठेवून द्या, किती बेअरिंग लिहिली आहेत त्याला अर्थ नाही. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ठेवायचा, ६ पाउंडांच्या लीडरला दीड-दोन पाउंड. स्पूल (रीलमधलं लाइन गुंडाळायचं रीळ) भरताना कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडा, कमी भरलं तर लांब जात नाही, काठोकाठ भरलं तर वेटोळी सुटून गुंता. ब्रेड थेट स्पूलवर बांधली तर ती गोल फिरत राहते, खाली थोडी मोनो गुंडाळून घ्या. आणि फेकल्यावर बेल (स्पूलवरची लाइन अडवणारी तार) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, या एका सवयीने लाइनचा निम्मा गुंता कमी होतो.

सहावी पायरी : टाकायचं कसं

ट्राउटला स्पिनर : स्वतः प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहा, वरच्या अंगाला तिरकं फेका, पाण्यात पडता क्षणी गुंडाळायला लागा आणि प्रवाहापेक्षा किंचितच वेगात आणा. पातं फिरतंय हे रॉडच्या टोकात थरथर म्हणून जाणवतं, थरथर थांबली की वेग कमी पडला. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने ओढलेला स्पिनर वर उसळतो आणि फार भरभर फिरतो, ट्राउट त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. एका जागी तीन-चार फेकी, मग पुढे सरका. पहिली फेक सगळ्यात महत्त्वाची, म्हणून ती सगळ्यात चांगल्या जागेवर एकदम टाकू नका, जवळच्या पाण्यापासून सुरू करा म्हणजे जवळचा मासा पळताना लांबच्याला घाबरवणार नाही.

बासला नेड किंवा ट्यूब : तिरकं वर फेका, लाइन तळ लागेपर्यंत जाऊ द्या, रॉडचं टोक वर, आणि मग खरं म्हणजे काहीच करायचं नाही. प्रवाहच ल्युअर घेऊन येतो, तुम्ही फक्त ढिली पडलेली लाइन गुंडाळत राहायची, ताठ नाही आणि पार लोळतीही नाही. नवीन लोक सारखे झटके देतात. नका देऊ. तळावर टक, टक, मग काहीतरी जड आणि मऊ लागतं, किंवा लाइन आडवी सरकते, किंवा जिथे वाहायला हवी तिथे थबकते, तोच मासा. बारीक गळ असतो म्हणून रॉड बाजूला खेचून लाइन घट्ट करा, डोक्यावरून हिसका द्यायची गरज नाही. पहिले काही मासे लक्षात येण्याआधीच जातील, लाइनकडे डोळे लावून बसायची सवय लागली की कळायला लागतं.

तरंगता मासा आडवा फेकून प्रवाहात कमानीसारखा फिरू द्या, मधे दोन छोटे झटके आणि एक विश्रांती. गार पाण्यात विश्रांती लांबवा, गरम पाण्यात कमी करा. मासा त्या थांबण्यातच धरतो.

पाण्यावरचं ल्युअर उन्हाळ्यात पहाटे आणि अंधार पडताना. धप्प आवाज झाला की हात आपोआप उडतो आणि ल्युअर माशाच्या तोंडातून निघून येतं. आवाजावर जाऊ नका, वजन जाणवेपर्यंत थांबा, मग खेचा.

मोसमाचा हिशोब डोक्यात असू द्या. वसंतात पाणी १५-१८ अंशांवर आलं की स्मॉलमाउथ अंडी घालतो, नर खड्यांत गोल घरटं साफ करतो आणि अंडी-पिल्लांची राखण करतो. उथळ पाण्यात फिकट गोल चकती दिसली आणि तिच्यावर मासा उभा दिसला तर तिथे टाकू नका. त्या वेळी तो जे समोर येईल त्याला चावतो, पकडणं अगदी सोपं असतं, पण तो थोडा वेळ जरी हलला तरी बाकीचे लहान मासे येऊन अंडी साफ करतात. काही राज्यांत त्या काळात बाससाठी बंदी किंवा लगेच सोडण्याचा नियमच आहे. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, रेनबो बहुतेक वसंतात, त्यांचेही खडीतले स्वच्छ उजळ चट्टे दिसतात, त्यावर पाय देऊ नका.

मासा लागल्यावर

स्मॉलमाउथ उडी मारतो, तेव्हा रॉड खाली करा, लाइन ढिली होऊ देऊ नका. ट्राउट प्रवाहाचा फायदा घेऊन खाली पळतो, त्याच्यामागे काठाने तुम्हीही खाली जा आणि रॉड आडवा धरून बाजूने दाब ठेवा. लवकर आटपा. बारीक लाइनने अर्धा तास खेळवत बसणं माशासाठी वाईट, म्हणूनच जरुरीपेक्षा हलकं सामान घेऊ नये.

रबरी जाळी वापरा, दोऱ्याची नको, दोऱ्याने माशावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. हात ओले करूनच धरा. बासला खालच्या ओठाने धरता येतं, पण मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, आडवा तोलून जबडा मोडू नका. ट्राउटला ओठाने कधीच नाही, कल्ल्यांत बोट तर नाहीच, दोन्ही हात खालून सैल. फोटो काढायचा तर फोन आधी तयार ठेवा, मासा पाण्यातच जाळीत असू द्या, उचला, क्लिक, परत पाण्यात. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, लाइन तोंडाजवळ कापा. सोडताना वरच्या दिशेला तोंड करून संथ पाण्यात धरा, तो स्वतः निघेपर्यंत, पुढेमागे ढकलू नका.

पाण्यात उतरताना

कमरेवर पट्टा घट्ट बांधल्याशिवाय वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालू नका, पट्टा नसेल तर पडल्यावर वेडरमध्ये पाणी भरतं. एक काठी हातात, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा उचला, प्रवाहाला पाठ किंवा तोंड न देता बाजू द्या. गुडघ्याच्या वर आणि जोराची धार असेल तर एकटे जाऊ नका, आणि मोठ्या नदीत लाइफ जॅकेट घाला, लाजायचं काय त्यात. पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे, खालच्या दिशेला, उभं राहायची घाई नको, पाय दगडात अडकला तर पाणी अंगावरून जातं. धरणाखाली असाल तर पाणी सोडायचं वेळापत्रक आधी बघा आणि भोंगा वाजला किंवा काठावरचा कोरडा दगड भिजायला लागला की तडक बाहेर.

परवाना आणि सामान धुणं

अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा, ट्राउटसाठी बऱ्याच राज्यांत वरून वेगळा स्टॅम्प लागतो, आणि एकाच नदीच्या दोन पट्ट्यांत नियम वेगळे असू शकतात, कुठे फक्त कृत्रिम ल्युअर, कुठे फक्त एकेरी, काटा नसलेला गळ, कुठे मासा ठेवायचाच नाही. राज्याच्या मत्स्यविभागाच्या साइटवर त्या पट्ट्याचं नाव टाकून निघायच्या आदल्या दिवशी बघा. पश्चिमेकडच्या नद्यांत गोष्ट उलटीही असते, स्मॉलमाउथ तिथे बाहेरून आलेला आहे आणि सामनची पिल्लं खातो, ग्लेन कॅनियन धरणाखाली कोलोरॅडो नदीत २०२२ मध्ये त्याची पिल्लं सापडली तेव्हा तिथल्या दुर्मीळ देशी माशांसाठी धोक्याची घंटा वाजली. अशा ठिकाणी बास सोडावा की ठेवावा हे तिथल्या नियमातच वाचा, आणि कुठलाच मासा, क्रेफिश किंवा उरलेलं जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.

बूट, वेडर, जाळी दुसऱ्या नदीत नेण्याआधी चिखल-शेवाळ काढून धुवा आणि पूर्ण वाळवा. फेल्टचा (नमद्याचा) तळवा असलेले बूट वाळायला फार वेळ घेतात आणि त्यातून शेवाळ पसरतं, मेरीलँडने २०११ पासून त्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे नवीन घेणार असाल तर रबरी तळव्याचे, खिळे मारलेले घ्या. ल्युअर डबीत ओले ठेवू नका, गळ गंजतात, डबी उघडी टाकून रात्रभर सुकू द्या आणि टोकं नखावर घासून बघा, घसरलं तर बारीक कानशीने धार लावा किंवा गळ बदला.